चौदाव्या मजल्यावरची धवलारीण

मानपाड्यातल्या हौसाबाई पाटील गायल्या नाहीत तर लग्न लागत नाही, असं आजूबाजूची तीन गावं मानायची. गावं आता नावापुरती उरली आहेत, पण मानणं तसंच आहे. हौसाबाई धवलारीण. आगरी लग्नात भटजी येतो, पण आधी धवलारीण येते. तांदळाच्या पिठाचा चौक घालते, देवांना, पितरांना, भावकीला नावं घेऊन गाण्यातून बोलावते, आणि मगच पुढचं सगळं. ही विद्या त्यांनी सासूकडून घेतली, तीही भाताची लावणी करता करता, चिखलात उभं राहून. त्याला पन्नास वर्षं झाली. आता त्या महामार्गावरच्या एसी हॉलमध्येही गातात. माइक पुढे आला की हाताने बाजूला सारतात, कारण त्यांच्या आवाजाला माइकची गरज आहे असं कुणी सुचवलेलं त्यांना खपत नाही.

घरची शेती बिल्डरला दिली, तिच्यावर चोवीस मजली चार इमारती उभ्या राहिल्या आणि चौदाव्या मजल्यावरचे दोन फ्लॅट पाटलांच्या वाट्याला आले. म्हातारी वर रमायची नाही, असं भावकीत सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. म्हातारी आठवड्यात रमली. लिफ्टच्या आरशात पदर नीट करायची, बाल्कनीतून मेट्रोचे खांब मोजायची आणि कालपेक्षा आज एक वाढला की लेकाला, दिपेशला, फोन करून कळवायची. रोज सकाळी इमारतींच्या मधल्या पोडियमवरच्या बागेत चप्पल काढून फिरायची. कुणी विचारलं तर सांगायची, शेत आपलंच आहे, फक्त वर लोक राहायला आलेत. ते सांगताना तिचा चेहरा असा फुलायचा की ऐकणाऱ्यालाच भाडेकरू असल्यासारखं वाटावं.

मग नातीचं, करिश्माचं, लग्न ठरलं. करिश्मा आर्किटेक्ट, ठाण्याच्या एका ऑफिसात इमारतींचे नकाशे काढते. हळद क्लब हाउसमध्ये, लग्न हॉलवर, इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. अडलं ते मेढीपाशी. मांडवाची पहिली मेढ उंबराची आणि ती घरच्या जमिनीत पुरायची. ती उभी राहिल्याशिवाय पहिला धवला, म्हणजे लग्नाचं गाणं, तोंडातून काढायचा नाही, हा सासूने घालून दिलेला नियम. टॉवरमधले लोक तेलाच्या डब्यात माती भरून त्यात मेढ खोचतात आणि मोकळे होतात. दिपेशनेही भीत भीत तेच सुचवलं.

"डब्यान तुलस लावतान, मेढ नय," हौसाबाई म्हणाल्या. "माजी नात काय तुलस हाय?"

तेव्हा एका सकाळी त्यांनी दिपेशला पहार घेऊन बागेत नेलं. खड्डा नीट बसतो का ते आधीच बघून ठेवावं, इतकाच हेतू. क्लब हाउसच्या मागची जागा त्यांनी पावलं मोजून काढली, कारण त्यांच्या हिशेबाने त्यांचं खळं तिथेच होतं. दिपेशने दोन घाव घातले. तिसऱ्याला ठण्ण झालं. दगड लागला असेल म्हणून त्याने जोर लावला. दुसऱ्या दिवशी माळ्याने हिरवळीला पाणी सोडलं आणि खालच्या पार्किंगमध्ये सोसायटीचे सेक्रेटरी सुदेश परब यांच्या पांढऱ्या नव्या गाडीवर धार लागली. गाडीची पूजा होऊन आठवडाही झाला नव्हता.

परब तावातावाने वर आले, पण हौसाबाईंना बघून त्यांचा आवाज आपोआप खाली उतरला. त्यांनी समजावून सांगितलं की बागेची माती जेमतेम हातभर आहे आणि तीही डंपरने बाहेरून आणलेली. तिच्याखाली पाणी अडवणारा थर, मग स्लॅब, मग दोन मजले गाड्या.

हौसाबाईंनी आपल्या पायांकडे पाहिलं. मग करिश्माकडे वळून म्हणाल्या, "मंग चार वर्सां मी कोनाचे मातीव चालतंय?"

त्या दिवसापासून त्या बागेत उतरल्या नाहीत. चौकाचं पीठ दळून ठेवलं होतं, ते डब्यात बंद केलं. लग्नाला येईन, बसेन, जेवेन, पण गाणार नाही, असं त्यांनी सांगून टाकलं. करिश्माला हुंदका आवरेना. तीन गावांतल्या पोरी आजीच्या गळ्यावर सासरी गेल्या होत्या आणि सख्ख्या नातीच्या मांडवात तेवढा आवाज नसणार होता.

पण रडून झाल्यावर पोरगी कामाला लागली. परबांकडून तिने इमारतीचा मंजूर नकाशा मागून घेतला आणि रात्रीचं जेवण बाजूला ठेवून त्याच्यावर पेन्सिल फिरवत बसली. पार्किंगची हद्द संपते आणि कुंपणाची भिंत सुरू होते, त्या दोन्हींच्या मध्ये मागच्या गेटजवळ एक पट्टी होती. वर पेव्हर ब्लॉक, खाली स्लॅब नाही. ब्लॉक उचलता येतात, परत बसवताही येतात.

परबांनी लेखी अर्ज मागितला. नियम म्हणजे नियम. करिश्माने अर्ज लिहिला, विषय: मेढ पुरण्याकरिता चार पेव्हर ब्लॉक काढणेबाबत. चोवीस तासांत जागा पूर्ववत करण्याच्या अटीवर तो मंजूर झाला.

मुहूर्ताच्या सकाळी हौसाबाईंना खुर्ची टाकून गेटजवळ बसवलं. त्या आल्या होत्या, पण तोंड फुगवूनच. ब्लॉक निघाले, कच निघाली, मग लाल मुरूम. हौसाबाईंनी मान हलवली. हाही बाहेरचा. दिपेश घामाघूम झाला तेव्हा परबांनी बाह्या सरसावून पहार स्वतःच्या हातात घेतली. गुडघाभर गेल्यावर पहारेला करडी, चिकट माती लागून वर आली. हौसाबाई खुर्चीतून उठल्या. ढेकूळ हातात घेऊन त्यांनी गोळा वळला. तो फुटला नाही.

"हीच," त्या म्हणाल्या आणि पीठ आणायला करिश्माला वर पिटाळलं.

उंबराची मेढ उभी राहिली, चौक पडला आणि हौसाबाईंनी जो सूर लावला, त्याने चारही इमारतींच्या खिडक्या उघडल्या. त्यांनी गावदेवीला बोलावलं, सासूला बोलावलं, बांधावरच्या वेताळाला बोलावलं. श्वास घेतला आणि परबांनाही सहकुटुंब बोलावलं. इतकं सुख त्यांना त्या इमारतीत पहिल्यांदाच होत होतं, आणि ते त्यांनी लपवलंही नाही. गाता गाता रडत होत्या, रडता रडता हसत होत्या.

दुसऱ्या दिवशी गवंडी सिमेंट घेऊन आला, तेव्हा परब आधीच तिथे उभे होते. सिमेंट नको, नुसती वाळू घाल, ब्लॉक सुटेच राहू देत, असं त्यांनी त्याला सांगितलं. गवंड्याने अर्जातल्या अटीची आठवण करून दिली. परबांनी ती ऐकलीच नाही. लिफ्टने चौदाव्या मजल्यावर गेले आणि दारातच उभे राहिले.

"आजी, एप्रिलमध्ये आमच्या मुलीचं, रुचिताचं लग्न आहे," ते म्हणाले. "जागा चालेल ना आम्हाला? आमचं काही इथलं नाही, आम्ही देवगडचे."

"एकदा मेढ लागली का जागा तुमची पन झाली," हौसाबाई म्हणाल्या. "आनि तुमचे भटजीला आताच सांगून ठेवा, मी गाताना मधी बोलाचा नय."