भिंतीकडं तोंड केलेला डबा

जनरेटर धापा टाकायला लागला की साऊंडवाला पहिल्यांदा माझी पिन काढतो. विचारत नाही, सांगत नाही. अँपचा लाल दिवा विझतो, बोटांखालच्या तारा मुक्या होतात, आणि गाणं आपलं तसंच पुढं चालू राहतं. नाचणाऱ्यांतला एकही बहाद्दर थांबून म्हणत नाही, की अरे, काहीतरी गेलं. तीस वर्षं झाली मी आमच्या भागात बेस वाजवतोय, आणि तीस वर्षं हे असंच चाललंय.

चार तारांचं गिटार बघून माणसं विचारतात, "बाकीच्या दोन तुटल्या का वो?" आधी मी समजावून सांगायचो. आता म्हणतो, हो, तुटल्या, तुमच्याकडं असतील तर द्या. नव्या तारा आमच्याकडं कुठं मिळत नाहीत, म्हणून जुन्याच धुण्याच्या सोड्यात उकळून परत चढवतो. त्यासाठी आमच्या घरात वेगळं पातेलं आहे आणि बायको त्याला हात लावत नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षी तिनं झाकण काढून बघितलं होतं आणि "शी बाई, हे काय शिजवायलात?" म्हणून दोन दिवस बोलली नव्हती.

आमची गाण्याबजावण्याची पार्टी घाटनांदूरची. कारखाने बंद झाले, उसाला गेलेली माणसं गावाकडं परतली, की लग्नं सुरू होतात. मग पाऊस पडेपर्यंत आमचा टेंपो एका जागी थांबत नाही. पार्टीत गाणारी बाई एकच, युसूफ वडगावची. आम्ही सगळे तिला ताई म्हणतो, ती मला दादा म्हणते. वयानं आम्ही बरोबरीचे. गाणी तर ती गायचीच, पण तिचं खरं नाव मंगलाष्टकांसाठी होतं. ताई असतील तरच तारीख पक्की करा, असं सांगणारे मुलीचे बाप मी पाहिलेत.

मागच्या काही वर्षांत ती स्टेजवर माझ्याच बाजूला येऊन उभी राहायला लागली. चप्पल काढून उजवा पाय माझ्या स्पीकरच्या डब्याला टेकवायची. माझा आधी संतापच झाला. एवढं मोठं स्टेज पडलंय आणि हिला माझ्याच डब्यावर पाय ठेवायचाय! वाजवायच्या वस्तूला कुणी पाय लावतं का? एकदा सामान भरताना मी तिला तोंडावर विचारलं.

तिनं हातातली पेटी टेंपोत ठेवली. मग म्हणाली, "दादा, कीबोर्ड वाजतोय ते मला दिसतंय, पण ऐकू येत न्हाई. तुमचं तेवढं पायातनं वर येतं. त्याच्यावरच गाते मी."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. डॉक्टरनं तिला कानाचं मशीन दिलं होतं, पण ते घालून माइकपाशी गेलं की शिट्टी वाजते, म्हणून ते पर्समध्येच असायचं. बारीक आवाज आधी गेले होते. पैंजण, कुकरची शिट्टी, पाखरं. मग माणसांचं बोलणं. घरात कुणाला पत्ता नव्हता, ओठांवरनं ओळखून ती वेळ मारून न्यायची. पार्टीत कळलं तर गाणं बंद होईल ही धास्ती. तेव्हापासून कुठंही गेलो तरी मी माझा डबा तिच्या पायाशी लावायला लागलो. पिन निघाली की तिचा सूर दोन ओळींत सरकायचा, आणि लोक म्हणायचे, ताईंचा घसा बसलाय आज.

गेल्या उन्हाळ्यात तिच्या लेकीचं लग्न ठरलं. नवरदेव शिरूर कासारकडचा. पत्रिका द्यायला ती आमच्या घरी आली, चहा घेतला, आणि उठता उठता परत बसली.

आमच्याकडं एक रीत आहे. मुलीच्या आईनं लग्न लागताना बघायचं नसतं. इकडं अंतरपाट धरला की तिकडं आई तुळशीपाशी जाते आणि मंगलाष्टका संपेपर्यंत तुळशीला पाणी घालत राहते. बघायचं नाही, पण ऐकायचं असतं. शेवटचं ‘सावधान’ झालं, वाजंत्री वाजली, की तांब्या खाली ठेवायचा.

"दादा, दुनियेच्या पोरींची लग्नं मी गाऊन लावली," ताई म्हणाली. "अन् माझ्या पोरीचं लागलेलं मला कळणार बी न्हाई. कुणीतरी येऊन खांदा हलवल, झालं म्हणल. तवर मी आपली पाणी घालत बसायची, येड्यावानी."

मी पटकन म्हणून गेलो, "कळंल की ताई. मी हाय ना."

म्हणायला काय जातंय? रात्रभर माझं डोकं भणभणत होतं. मंगलाष्टकांत बेसचं कामच नसतं. कीबोर्डवर सूर धरतात, गाणारी गाते, आणि बेसवाला हातात अक्षता घेऊन एका बाजूला उभा राहतो.

लग्न दारातच होतं. मांडव घरापुढं, तुळस घरामागं. मी सकाळीच पोचलो, लांबलचक केबल टाकली आणि माझा डबा थेट घरात, मागच्या खोलीत नेऊन ठेवला, तोंड भिंतीकडं करून. त्या भिंतीच्या पलीकडं तुळस. साऊंडवाला कंबरेवर हात ठेवून बघत राहिला.

"म्हातारा झाला बे तू," तो म्हणाला. "पाहुणे पुढं अन् डबा मागं?"

"तुझं काम कर," मी म्हणालो.

जाड तार एकदा वाजवून बघितली. मांडणीवरची भांडी थरथरली आणि आतनं एक म्हातारी ओरडली, "अगं बया, डबे नाचायलेत!" मी मागं जाऊन बघितलं. ताई हिरव्या साडीत उभी होती, तळहात भिंतीला लावून. तिनं नुसती मान हलवली. आलं, म्हणाली. आमचं ठरलं की मंगलाष्टका चालू असताना मी हलका सूर धरायचा, दर ‘सावधान’ला जाड तार एकदा मोकळी वाजवायची, आणि शेवटच्याला तीनदा.

बाराच्या पुढचं ऊन. मांडवात मोठमोठे कूलर, त्यांच्यापुढं वऱ्हाडी मंडळी दाटीवाटीनं. अंतरपाट धरला. मंगलाष्टका गायला दुसऱ्या पार्टीतली एक मुलगी आणली होती, तिनं पहिली छान म्हटली. ‘सावधान’ आलं, अक्षता उडाल्या, मी तार वाजवली. घरातनं भांड्यांचा आवाज आला नाही.

मला कळायचं ते कळलं. मान वळवून बघितलं तर साऊंडवाला जनरेटरपाशी उभा, माझी पिन त्याच्या हातात. नेहमीसारखीच काढली होती, काही मनात न ठेवता. माझ्या डोक्यात तिडीक गेली. गिटार गळ्यात तसंच ठेवून मी पळत गेलो.

"कावून काढलं बे?"

"लोड येतोय. कूलर बसतेत."

"बसू दे!" मी म्हणालो, आणि कूलरची वायर हिसडून काढली. पंखे गरगरत थांबले. मांडवभर माणसांनी माना वळवल्या. नवरदेवाकडचा एक पागोटंवाला उठून उभा राहिला. "अहो, गर्मीनं जीव चाललाय आमचा, अन् तुमी वाजवायलात?"

"जीव चालला असंल तर पत्रिकेनं वारा घ्या," मी म्हणालो. व्याह्यांना असं बोलायचं नसतं, हे मला काय कळत नाही? पण त्या वेळी मला पागोटं दिसत नव्हतं, भिंतीला लावलेला हात दिसत होता. साऊंडवाल्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि गुपचूप माझी पिन परत लावली.

दुसरी सुरू झाली होती. मी खुर्चीत बसलो, सूर धरला, ‘सावधान’ला जाड तार वाजवली. भांडी थरथरली. लोक घामानं निथळत होते, पदरांनी, पत्रिकांनी वारा घेत होते आणि मला शिव्या घालत होते. घालू दे.

तिसरीच्या मध्यावर मी घराकडं बघितलं. पुढचं दार उघडं, मागचं दार उघडं, आणि त्या दोन दारांतनं पलीकडं ताईची पाठ दिसत होती. एका हातानं पाणी घालत होती, दुसरा हात भिंतीवर. तिचा खांदा हलत होता. ती गात होती का रडत होती, ते मला तिथनं कळलं नाही. माझे डोळे भरले, तारा दिसेनात, आणि बोट गिटारच्या भलत्याच घरात पडलं. एकच चूक. लगेच सावरलो. मुलगी गात राहिली, कीबोर्डवाल्यानं मान वर केली नाही, भटजींनी अंतरपाट सरळ केला. शेवटच्या ‘सावधान’ला मी तीनदा वाजवलं, अंतरपाट खाली आला, वाजंत्री सुरू झाली. मी स्वतः जाऊन कूलर लावले.

जेवणावळी चालू असताना मी केबल गुंडाळत होतो. ताई मागच्या दारानं आली. साडीचा काठ भिजलेला, डोळे सुजलेले. मला वाटलं, ही आता पाया पडते की काय.

"पयलं आलंच न्हाई," ती म्हणाली.

"पिन काढलीती, ताई."

"बाकी समदं आलं." मग माझ्याकडं रोखून बघत म्हणाली, "तिसऱ्याला तुमी चुकलात."

तीस वर्षांत माझं बरोबर वाजवलेलंसुद्धा कुणी ऐकलं नव्हतं.

"चुकलो, ताई," मी म्हणालो, आणि केबल खाली टाकून त्या मागच्या खोलीत, माझ्याच डब्यावर बसून लहान पोरासारखा रडलो. तिनं मला रडू दिलं. तांब्यात तुळशीचं थोडं पाणी उरलं होतं, ते तिनं मला प्यायला दिलं.