पापलेटाचे डोळे

“मौलवीसाहेब, माझ्या पापलेटाचे डोळे काढलेन कुणीतरी!” लिमये मास्तर स्टाफरूमच्या दारातूनच ओरडले.

मी तेव्हा रत्नागिरीच्या एका हायस्कुलात अरबी शिकवत होतो, लिमये ड्रॉइंग. विज्ञान प्रदर्शनासाठी त्यांनी कोकणातल्या माशांचा मोठा चार्ट केला होता. स्वतः मासे न खाणारा हा माणूस महिनाभर नाकाला रुमाल लावून राजिवड्याच्या किनाऱ्यावर जात होता. आता बांगड्यापासून मोरीपर्यंत एकाही माशाला डोळा नव्हता. ब्लेडने गोल कापून नेले होते.

गुन्हेगार शोधावा लागला नाही. दहावीतला नजीर आपणहून उभा राहिला. मासेमारी होडीवरच्या तांडेलाचा मुलगा, अरबीत वर्गात पहिला.

“सजीवाचं चित्र हराम आहे. डोळे काढले की त्यातला जीव गेला,” तो म्हणाला. सुट्टीत मुंबईला मामाकडे गेला होता, तिथून एक पुस्तिका घेऊन आला होता.

हेडमास्तरांनी मला बोलावलं. “मी त्याला टी.सी. देणार. धर्माचा प्रश्न, म्हणून आधी तुम्हाला विचारतो.”

“तीन दिवस द्या, सर.”

“तीन दिवसांत काय करणार?”

“पीरियड घेईन.”

अडचण अशी, की पुस्तिकेतलं खोटं नव्हतं. हदीस म्हणजे पैगंबरांच्या बोलण्या-वागण्याच्या आठवणी, त्यांच्या सोबत्यांनी सांगितलेल्या. त्यांत चित्रं काढणाऱ्यांना कडक ताकीद आहे. ‘तसं काही नाही रे’ असं मी म्हटलं असतं, तर नजीरने पान उघडून दाखवलं असतं आणि पुन्हा माझा एक शब्द ऐकला नसता.

शाळा सुटल्यावर मी घरचे हदीसचे जाडे खंड त्याच्यापुढे ठेवले. पुस्तिकेतली हदीस त्याने दहा मिनिटांत शोधली. ऐटीत माझ्याकडे पाहिलं.

“शाबास. आता चित्रांबद्दल आणखी काय काय आहे ते शोध. मी सांगणार नाही.”

दुसऱ्या दिवशी तो मोठ्याने अर्थ लावत वाचत होता. पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशा यांच्या बाहुल्यांत पंख असलेला एक घोडा होता. पैगंबरांनी विचारलं, घोड्याला पंख? त्या म्हणाल्या, सुलेमानच्या घोड्यांना होते, तुम्ही ऐकलं नाहीत? यावर पैगंबर... नजीर थांबला.

“शब्द अडला?”

“नाही. हसले, मौलवीसाहेब. दाढा दिसेपर्यंत हसले.”

आणि तोही हसला. सुट्टीनंतर पहिल्यांदाच.

“मग हराम की हलाल?” त्याने विचारलं.

“जाणकारांचं एकमत नाही. पूजेची मूर्ती, खेळणं, शिकण्याचं चित्र, सगळ्यांना एकच माप लावायचं का, यावर वाद आहेत. मी पासपोर्टसाठी फोटो काढून घेतला. मन थोडं खात होतं, तरी घेतला.”

“मी नाही काढणार सजीवाचं चित्र.”

“नको काढूस. ती सावधगिरी तुझी. पण दुसऱ्याच्या चार्टवर ब्लेड?”

“पैगंबरांनी चित्रांचा पडदा उतरवायला लावला होता. इथे आहे.”

“कुणाच्या घरातला?”

त्याने ती ओळ पुन्हा बोट ठेवून वाचली. मग म्हणाला, “स्वतःच्या.”

मी खंड मिटला.

तिसऱ्या दिवशी नजीर लिमये मास्तरांसमोर जाऊन उभा राहिला. “मास्तर, चुकलो.” खिशातून काड्यापेटी काढून त्याने टेबलावर ठेवली. आत सगळे डोळे!

लिमयांना रागवायचं होतं, पण हसू आवरेना. “अरे, यातला बांगड्याचा कुठला नि मोरीचा कुठला, ते कसं कळणार?”

“मला कळतात ना!”

आणि कळत होते. दोघांनी मिळून संध्याकाळपर्यंत डोळे चिकटवले. वर नजीरने सांगितलं, “मास्तर, सुरमईची शेपटी अशी नसते.” शेपटी कशी असते ते त्याने तोंडाने सांगितलं, लिमयांनी काढली. माशावर त्याने स्वतः एक रेघही ओढली नाही. चार्टच्या कडेला जाळ्याची नक्षी मात्र त्याची, अगदी गाठींसकट.

हेडमास्तर चार्टपुढे बराच वेळ उभे होते. टी.सी.चं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. नजीर पुढे खेडला अरबीचा शिक्षक झाला.

तेव्हापासून अशा मुलाला मी उत्तर देत नाही, पुस्तक देतो. यात वेळ फार जातो. शिवाय काही पुस्तकं परत येत नाहीत.