साडूंची सरळ स्कूटर

देवाने हे जग वाकडं केलं आणि ते सरळ करायला आपल्याला नाशकात धाडलं, अशी आमच्या साडूंची पक्की समजूत आहे. सातपूरच्या एका कारखान्यात ते यंत्रांचे नकाशे काढायचे. यंत्रं किती चालली देव जाणे, पण डावं-उजवं सारखं असण्याचं खूळ मात्र ते घरी घेऊन आले. घराच्या डावीकडे खिडकी आणि उजवीकडे कोरी भिंत, म्हणून भिंतीवर त्यांनी दुसरी खिडकी रंगवून घेतली, पडद्यासकट. नवा पेपरवाला तिच्यातून पेपर टाकायला बघायचा. मिशीचं तर विचारूच नका. डावी बाजू जरा जास्त कापली गेली म्हणून उजवी कापली, मग पुन्हा डावी, आणि माझ्या लग्नाच्या फोटोत गृहस्थ सफाचट! जेवायला बसले की पानात मीठ दोन्हीकडे. भजनाला गेले तर डग्ग्यावरची शाई मधोमध नाही म्हणून तबलजीला म्हणाले, "फसवलंय तुम्हाला, बदलून आणा." ती कडेलाच असावी लागते, त्यानेच डग्गा घुमतो, हे त्या बिचाऱ्याने परोपरीने सांगितलं. पुढे साडू येताना दिसले की तो डग्ग्यावर टॉवेल टाकायचा.

या माणसाशी संसार केला माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीने, अक्काने. अक्का सायखेड्याची. "जात्याचा खुंटा कडंला असतो म्हणून जातं फिरतं. मधोमध ठोका न् बसा ढकलत," असं सुनावून ती पोळ्या लाटायला लागायची. नथ एका नाकपुडीत, पदर एका खांद्यावर, आणि स्कूटरवरही दोन्ही पाय डावीकडे सोडून बसायची. तोल जातो, दोन्हीकडे पाय टाकून बस, म्हणून साडूंनी नव्वदच्या दशकातली सगळी वर्षं घसा कोरडा केला. ती कसली ऐकते! शेवटी हेच उजवीकडे कलून चालवायला लागले. खड्डा आला की न चुकता म्हणायचे, "पदर सांभाळ." जग सरळ करायला निघालेला हा माणूस कॉलेज रोडवरून तिरपा जाताना बघून मला गुदगुल्या व्हायच्या, खोटं कशाला बोलू.

अक्का गेली, आणि स्कूटर उजवीकडे ओढायला लागली. साडू पडलेसुद्धा. मेकॅनिकने हँडल खोललं, चाक बदललं, शेवटी हात जोडले. साडूंनी स्कूटर झाकून ठेवली आणि घराबाहेर पडणंच सोडलं. अक्काचं वर्षश्राद्ध सायखेड्याला होतं. "बसने येणार नाही. तिला माहेरी मी स्कूटरवरच न्यायचो," हे एकच पालुपद. ते नसले तर अक्काला कसं वाटेल, म्हणून बायकोने मला पिटाळलं.

मी वैतागत त्यांच्या मागे, दोन्हीकडे पाय टाकून बसलो. कोपरा ओलांडतो न ओलांडतो तोच स्कूटर दुभाजकाला घासता घासता थांबली. तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. स्कूटर ठणठणीत होती. हा माणूस अजून उजवीकडेच कलत होता.

चांगला खडसावणार होतो. इतक्या वर्षांचं व्याज वसूल करायची संधी होती. पण हँडल घट्ट धरून बसलेले ते हात बघितले. उतरलो, आणि दोन्ही पाय डावीकडे सोडून बसलो. पोट सुटलेला बाप्या मी, मांडीवर नैवेद्याचा डबा. सिग्नलला रिक्षावाले फिदीफिदी हसले. हसा लेको.

चांदोरी मागे पडली तरी स्कूटर आपली सरळ. गोदावरीच्या पुलाअलीकडे मोठा खड्डा आला. मागे न बघता साडू म्हणाले, "पदर सांभाळ."

मी गपचूप शर्टाचं टोक मुठीत धरलं.