मधली खोली

लाँड्रीवालीच्या नवऱ्याला सगळी गल्ली 'महाराज' म्हणायची. तोंडावर आदराने, पाठीमागे फिदीफिदी हसून. पन्नाशी उलटल्यावर त्याला साक्षात्कार झाला, की आयुष्याच्या केंद्रस्थानी देव हवा. त्यात वाईट काहीच नव्हतं. पण महाराजाने केंद्र शोधलं ते घरात. मधली खोली. उजेडाची, संडासाला लागून, आणि नेमकी त्याच्या आईची.

"आईला मागची खोली पुरे. आधी देव, मग आपण."

'आपण' म्हणजे कोण, हे बायकोला पाठ होतं. खाली दुकानात इस्त्रीपुढे ती उभी, गिऱ्हाइकांशी डोकं लावायला ती, आणि वर महाराज डोळे मिटून जगाचा भार वाहणार. ताटं मांडल्याचा आवाज आला की मात्र ते डोळे अलगद उघडायचे.

सासूबाईंचा एक पाय लुळा, पण बाई मानी. अंथरूण ओलं होणं म्हणजे त्यांना मरण. म्हणून सुनेने पलंगापासून दोरी नेऊन जिन्याच्या तोंडाशी घंटा टांगली होती. घंटा वाजली की ती इस्त्री उभी करून वर धावायची. उशीर कधी झाला नव्हता. खोली बदलल्यावर तिने दोरी मधल्या खोलीतून लांबवून घेतली.

एका सकाळी घंटा वाजली, ती धावली, तर घंटा महाराजाच्या हातात. देवापुढे डुलत वाजवणं चाललेलं.

"अहो, ही आईंची!"

"दोरी डोक्यावरून जाते, चित्त लागत नाही. कापली. घंटा तरी कारणी लागू दे."

मागच्या खोलीत सासूबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. दोरीचं टोक मुठीत, खाली चादर ओली.

"ओढत होते गं. म्हटलं, गिऱ्हाईक असेल."

दारातून महाराज म्हणाला, "देहाचे भोग, आई. देवाला हाक मारावी."

"त्यालाच मारत होते," म्हातारी म्हणाली. "तू मध्ये बसला होतास."

सुनेने त्यांना पुसलं, कोरडं नेसवलं. मग गाठोडी टाकायला आलेल्या हमालाला वर बोलावलं आणि पलंग मधल्या खोलीत आणवला. देव गेले खाली, दुकानातल्या कपाटावर.

"देवाला खाली नेतेस?"

"चराचरात असतो म्हणता ना? मग आपलं दुकान काय त्याला वर्ज्य आहे?"

दोरीही तिने सरळ दुकानात उतरवली आणि घंटा तिथेच टांगली.

महाराज दोन दिवस फुगून बसला. तिसऱ्या दिवशी त्याच्या ध्यानात आलं, की वर भिंती होत्या, खाली माणसं आहेत. बायकोने कडक इस्त्री केलेला सदरा घालून तो कपाटापुढे आसन ठोकून बसला. आवाज चढला, मान डुलू लागली. गिऱ्हाइकं तिला म्हणतात, "नशीबवान हो तुम्ही!"

"तर काय! त्यांचा भार देवावर, घराचा माझ्यावर."

गिऱ्हाइकांना हा विनोद वाटतो.

वरून दोरी ओढली जाते. घंटा वाजते. लोकांना वाटतं, देवाची. ते हात जोडतात आणि महाराज डोळे न उघडता नमस्कार स्वतःच ठेवून घेतो. तेवढ्यात बायकोने इस्त्री उभी केलेली असते, आणि ती जिन्यावर पोचलेली असते.

वर चादर कोरडी आहे.