चोर ओटीच्या आधी

ठाण्याच्या कोर्टात मी कारकून होतो. दिवसभर खोट्या साक्षी कानावर पडायच्या, आणि कोण खोटं बोलतोय ते मला नुसत्या चेहऱ्यावरून कळतं असा माझा मोठा तोरा होता. कसला तोरा अन् कसलं काय! डोंबिवलीच्या आमच्या दोन खोल्यांत माझी आई आणि माझी बायको मिळून मला पाच वर्षं बनवत होत्या, आणि मला पत्ता नव्हता. तो लागला एका शनिवारी, ठाण्याच्याच एका दवाखान्यात.

स्वराज्य आलं त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात आमचं लग्न झालं. बायको कल्याणची. दोन वेळा तिला दिवस गेले आणि दोन्ही वेळा चौथ्या महिन्याच्या पुढे काही टिकलं नाही. दोन वेळा, असं मी धरून चाललेलो.

आमच्याकडची रीत अशी, की सुनेला दिवस गेलेत हे आधी सासूला कळायचं. मग तिसऱ्या महिन्यात सासू घरातल्या घरात, शेजारणीलाही न बोलावता, तिची ओटी भरायची. हीच चोर ओटी. ती भरली की मगच पुरुषांच्या कानावर. माझी आई तर तेही सरळ सांगायची नाही. "उद्यापासून विहिरीचं पाणी तू भरायचंस," एवढंच म्हणायची, आणि मी काय ते समजायचो. पहिल्या खेपेला मी इतका हरखलो, की त्याच दिवशी बाजारातून पितळी कड्या आणून आढ्याला पाळण्यासाठी ठोकल्या. पुढे त्या कड्यांना माझी छत्री लटकायची.

तर लग्नाला सहा वर्षं झाल्यावर बायको एक दिवस म्हणाली, "ठाण्याला दर शनिवारी मुंबईच्या एक मोठ्या डॉक्टरीणबाई येतात. विलायतेत शिकल्यात. मूल राहत नाही अशा बायकांना तपासतात. मला जायचंय."

मी उडवून लावलं. म्हटलं, "अगं, दोनदा असं होणं म्हणजे काही जगावेगळं नाही. आपले इथले डॉक्टरही तेच म्हणाले. आणि ठाण्यात मला सतरा लोक ओळखतात. त्या दवाखान्याच्या दारात कुणी बघितलं तर उद्या कोर्टभर होईल." पण दर शुक्रवारी तेच पुन्हा, "उद्या जाऊ या का?" मी म्हणायचो, बघू. शेवटी आईच कडाडली, "बघू काय बघू? उद्या घेऊन जा तिला!" मी चाटच पडलो. माझी आई म्हणजे नवस, उपास आणि अंगारे. डॉक्टरचं औषध ती मोरीत ओतायची. ही बाई मला दवाखान्यात धाडते? पण आईपुढे माझं कधी चाललंय? गेलो.

डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, चष्मेवाल्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी माझ्या बायकोकडे बघून विचारलं, "आतापर्यंत किती वेळा?"

तेव्हा बायकांच्या वतीनं नवऱ्यांनीच बोलायची पद्धत होती. मी ऐटीत सांगितलं, "दोन वेळा."

बायको मान खाली घालून म्हणाली, "पाच."

मी हसलो. खरंच सांगतो, हसलो! मला वाटलं, घाबरून काहीतरी चुकीचं बोलली बिचारी. म्हटलं, "अगं, दोन. नीट सांग."

"पाच," ती म्हणाली. या वेळी तिनं मान वर केली होती.

बाई मला म्हणाल्या, "तुम्ही जरा गप्प बसा," आणि तिला म्हणाल्या, "सांग." ती सांगत गेली आणि मी ऐकत राहिलो.

दुसऱ्या वर्षी ती पापड करायला म्हणून आठ दिवस माहेरी गेली होती. पापड कुठले! तिथं तिला इतका रक्तस्राव झाला, की दोन दिवस शुद्ध नव्हती. आणि मी इथं, जेवणाचे हाल होतात म्हणून कुरकुरत होतो. परत आली तेव्हा डबाभर पापड घेऊन आली. माझ्या सासूबाईंनी मुद्दाम करून दिलेले. मी ते मिटक्या मारत खाल्ले, वर म्हटलं, पुढच्या वर्षी जास्त करा.

नंतरचं एक तर आमच्याच घरात झालं. तेव्हा बायका महिन्याचे चार दिवस बाजूला बसायच्या. कुणाला संशय येऊ नये म्हणून दिवस गेलेले असतानाही आई तिला दर महिन्याला बाजूला बसवायची. एकदा ती तशी मागच्या पडवीत घोंगडीवर पडून होती. मी तिला ओलांडून मोरीत गेलो, परत आलो, माझं धोतर कुठं ठेवलंस म्हणून तिच्यावर खेकसलो. ती तिथंच, त्याच वेळी... अरे देवा!

तिसऱ्याचं तिला सांगवेना. बाईंनीही विचारलं नाही.

बाई म्हणाल्या, "दोघांचंही रक्त तपासू. उपाय करता येईल, नक्की काही सांगत नाही. पण पुढच्या खेपेला पाळी चुकली की लगेच इथं यायचं, चोर ओटीबिटीची वाट बघायची नाही. असंच लपवत राहिलात तर मूल राहू दे, हीसुद्धा हाताला लागायची नाही." हे त्यांनी माझ्याकडे बघून सांगितलं. जसं काही मीच लपवलं होतं!

बाहेर आलो. समोरच्या तळ्याच्या कठड्यावर बसलो. ज्या बाईबरोबर ताटाला ताट लावून जेवतो तिचं मरण दाराशी येऊन गेलं आणि मला कुणी सांगितलंसुद्धा नाही! भयंकर राग आला होता. तिला म्हटलं, "मला का नाही सांगितलंस?"

ती म्हणाली, "पहिल्या वेळी तुम्ही कड्या ठोकल्यात. ते गेल्यावर मी रोज त्या कड्यांकडे बघत झोपायचे. काढा म्हणायचाही धीर झाला नाही. पुन्हा तसलं काही मला नको होतं."

घरी पोचल्यावर मी आईवर तोंड टाकलं. जन्मात तिच्यापुढे इतका ओरडलो नव्हतो. आई निवडत असलेले तांदूळ खाली न ठेवता म्हणाली, "अरे, चोर ओटी भरल्यावर सांगायचं असतं. भरेपर्यंत ती पोरं राहिलीच नाहीत. मग मी तुला सांगणार तरी काय?" आणि माझी आई, जिला मी वडील गेले तेव्हाही रडताना पाहिलं नव्हतं, पदर तोंडाला लावून हुंदके द्यायला लागली. त्या तिघांसाठीही कुणी रडलं असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

मग मी स्टुलावर चढलो आणि पक्कड घेऊन कड्या उपटल्या. "अपशकुन रे!" आई ओरडली. मी ऐकलं नाही. दोन्ही खोल्यांत चुना पसरला. बायको झाडू घेऊन आली आणि आम्ही दोघांनी मिळून तो भरला.

पुढच्या वर्षी, थंडीत, मी कचेरीला निघालो होतो. बूट पायात, डबा हातात. बायको दारापाशी आली आणि हळूच म्हणाली, "अहो, पाळी चुकलीय."

तिच्या तोंडून हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होतो. म्हटलं, "आईला सांगितलंस?"

"नाही. आधी तुम्हाला."

मी उंबऱ्यावरच बसलो. लोक म्हणतात अशा वेळी आनंद होतो. मला भीतीच वाटली. डबा खाली ठेवला. ही असली भीती तिनं एकटीनं कशी काढली असेल? मी उठलो आणि म्हटलं, "लुगडं बदल. आज शनिवार आहे."

दवाखान्यात बाईंनी कागदातून मान वर न काढता विचारलं, "कितवी खेप?"

"सहावी," मी म्हटलं. इतक्या मोठ्यानं, की बाहेरच्या बाकावर बसलेल्या बायका आत डोकावल्या.