सतारीच्या तारेचं विमान

चार माणसं दर रविवारी एका टेबलाभोवती प्लॅस्टिकची विमानं जोडत बसली, की किस्से आपोआप साठतात. हरवलेले बारके पार्ट झाडताना एकदम सापडतात ना, तसे मग कधीही वर येतात. आमचं टेबल मिरजेत, शौकतभाईंच्या सतारीच्या कारखान्यात. मी सांगलीतला चष्मेवाला, आण्णा पाटील ऊस-बागायतदार, आणि चौथे माने दादा, मूळचे म्हसवडचे, हवाईदलातून फिटर म्हणून रिटायर झालेले. आमच्या टेबलावर विमानं पुष्कळ झाली, पण किस्से निघतात ते दादांच्या एकाच विमानाचे.

दादा पहिल्यांदा आले तेच काखेत एक पिवळा पडलेला खोका घेऊन. आत जुनं किट, दोन महायुद्धांच्या मधल्या काळातलं फायटर. पंखावर पंख, मध्ये तारा, आणि वैमानिक उघड्यावर बसलेला!

"पोराला आनलं हुतं," दादा म्हणाले. "बॉडी आमी दोघांनी जोडली. मग तापाचं निमित्त झालं आन् सुध्या गेला. सातवीत हुता. आमची ही ह्यो खोका घरात ठेवू दीना, म्हनून हितं आनलाय."

विमान पुरं करायचं आणि घरात शोकेसमध्ये ठेवायचं, एवढंच त्यांचं म्हणणं. "डोळं हायेत तवर," असंही म्हणाले. काचबिंदू होता. नंबर मीच काढला होता, माझ्या कुठल्याच काचेनं भागणार नव्हतं. ते ऐकताना मला फार वाईट वाटलं.

आण्णा म्हणजे सफाईचं वेड! बॉडी हातात घेतली आणि पॉलिश पेपर काढलाच.

"दादा, हितं वघळ आलाय सोल्यूशनचा. घासू?"

दादा ओरडले, "आण्णा! त्येला पेपर लावायचा न्हाई!"

आम्ही भिंगातून बघितलं. चिकटवायच्या सोल्यूशननं प्लॅस्टिक मऊ झालं असताना सुधीरनं तिथं बोट टेकवलं होतं. अंगठ्याच्या रेघान् रेघा उमटल्या होत्या. आण्णांनी पेपर गुपचूप खिशात घातला. त्या रविवारी कुणी काही जोडलं नाही, नुसता चहा पिऊन उठलो.

चहावरून आठवलं. आण्णा जैन, खाण्यापिण्याचं एकदम कडक. एकदा रंगाच्या नादात शौकतभाईंचा ब्रश पाण्याऐवजी स्वतःच्या चहात बुडवला आणि वर तो चहा प्यायले!

शौकतभाई शांतपणे म्हणाले, "आण्णा, त्यो ब्रश खारीच्या शेपटीचा हाय बरं का."

आण्णा नळावर जाऊन चूळ भरत बसले ते उठेनात. पुढच्या रविवारी स्वतःचा ब्रश घेऊन आले, नातीच्या वेणीचं टोक कापून बनवलेला. सूनबाई तेव्हापासून आमच्या ग्रुपवर नाराज आहेत. पण दादा त्या दिवशी पोट धरून हसले. त्यांना असं हसताना आम्ही पहिल्यांदाच बघत होतो.

पंखांमधल्या तारांसाठी किटमध्ये दोरा दिला होता. शौकतभाईंना तो बघवेना. "दोरा? ही काय गोधडी हाय?" म्हणत त्यांनी सतारीची सगळ्यात बारीक तार काढली. एकेक तार ओढायची, नखानं छेडायची, कान लावायचा.

मी म्हटलं, "शौकतभाई, विमान आहे हो ते!"

"लय उतरल्यागत वाटतंय, जरासं चढवतो," म्हणाले आणि पीळ दिला. खट्! वरचा पंख मोडून टेबलाखाली!

शौकतभाईंचं तोंड एवढंसं झालं. माणूस रडायच्या बेताला आला. दादांनी मात्र पंख चाचपडत उचलला आणि म्हणाले, "बरं झालं गड्या. आता परत जोडाया लागंल." खरंच खूश झाले होते ते. विमान पुरं झालं की ते घरी न्यायचं, आणि घरी वहिनींना विचारायचं, ह्याची त्यांना धास्ती होती.

मग नजर गेलीच. दादा यायचे थांबले. उरलेलं आम्ही तिघांनी केलं. आण्णांनी नातीच्या केसांच्या ब्रशनं सगळं अंग चंदेरी रंगवलं आणि अंगठ्याएवढी जागा तशीच कोरी ठेवली.

विमान त्याच पिवळ्या खोक्यात घालून आम्ही दादांच्या घरी गेलो. खोका बघून वहिनी दारातच आडव्या आल्या. "त्ये आत आनू नका."

"येऊ दे," दादा कॉटवरून म्हणाले.

त्या बाजूला सरल्या, पण तोंड फिरवून उभ्या राहिल्या. दादांनी विमान मांडीवर घेतलं, सगळीकडून चाचपलं. एका जागी बोट थांबलं.

"अगं, हिकडं ये."

वहिनी येईनात. परत हाक मारली तेव्हा आल्या. दादांनी त्यांचा हात धरला आणि त्यांचा अंगठा त्या जागेवर टेकवला. वहिनींनी हात ओढून घ्यायला बघितला, मग ओढायच्या थांबल्या.

"आवं... एवढासाच हुता व्हय?"

दादांनी सवयीनं तारा तपासल्या.

"शौकतभाई, ही एक तार सैल हाय. रविवारी घिऊन जावा परत."

वहिनींचा अंगठा तिथंच होता. "आसू दे सैल," त्या म्हणाल्या. "आता त्येला कुटं न्हेऊ नका."