ठेवतो गो, रेंज जाते

दिवेलागणीला माझा फोन वाजला. दाजींचं नाव दिसलं, म्हणून सवयीनं मी तो न उचलताच प्राचीपुढे धरला. तिनं घेतला, कानाला लावला आणि तिचा चेहरा बदलत गेला… पलीकडे दाजी नव्हते, माझी ताई होती. फोन परत देत प्राची म्हणाली, “मामा गेले.” आत्याच्या नवऱ्याला आमच्याकडे मुलं मामाच म्हणतात. माझी अकरावीतली मुलगी मे महिन्यापासून माझ्याशी स्वतःहून एक शब्द बोलली नव्हती. बोलली ती हे दोन.

अबोला मी कमावलेला होता. मुरबाडला पुतण्याची हळद होती. डीजेपुढे सगळ्या पोरी नाचत होत्या, त्यात प्राचीही. कुणीतरी माझ्या कानाशी काहीतरी पुटपुटलं आणि माझ्यातला बाप एकदम जागा झाला. भर मांडवात तिचा दंड धरून मी तिला बाहेर ओढलं. तेवढ्यात गाणं संपलं, त्यामुळे माझं ओरडणं आचाऱ्यापर्यंत सगळ्यांनी ऐकलं. घरी येताना ती एवढंच म्हणाली, “बारावी झाली की कल्याणला मावशीकडं जाणार. परत नाय येणार.” आणि दार लागलं. आसनगावच्या दोन खोल्यांत आम्ही दोघंच, त्यात न बोलणारी मुलगी म्हणजे काय, हे ज्याच्या घरात असेल त्यालाच कळेल. ताटलीचा आवाज झाला तरी मी दचकायचो.

दाजींचा फोन त्यानंतरच सुरू झाला. डोळखांबच्या वरच्या अंगाला त्यांचं गाव. खळ्याच्या कडेच्या दगडावर उभं राहिलं तरच रेंज मिळते, असं ते म्हणायचे. रोज दिवेलागणीला एकच प्रश्न, तोही कुठल्यातरी घरच्या कार्याचा.

“प्राची, तुझ्या बारशाला पाळणा कोणाचा होता गो?”

“मला काय माहीत, मामा?”

“मग बापाला इचार.”

ती दारात उभी राहून, भिंतीकडे बघत विचारायची, “पाळणा कोणाचा होता, म्हणतात.” मी ओरडायचो, “अहो, तुमचाच!” ती तेवढंच फोनमध्ये सांगायची. लगेच पलीकडून, “बरं. ठेवतो गो, रेंज जाते.” दुसऱ्या दिवशी, गौरीला पहिला वडा कोणाला? तिसऱ्या दिवशी, बापाच्या हळदीत पावसानं मांडव बसला तेव्हा खाली कोण सापडलं? खाली मीच सापडलो होतो, पिवळाधम्मक, हातात जिलबी. हे सांगताना प्राचीच्या ओठाचा कोपरा हलला. मी पाहिला. मग दाजींचा धंदा आपणच करावा, असं मला वाटलं. जेवताना मी तिला एका दमात साखरपुड्यापासून डोहाळजेवणापर्यंत सगळं विचारलं. ती ताट घेऊन उठली.

एक मला खटकायचं. तिचा स्वतःचा फोन असताना हा माणूस माझ्या फोनवर का करतो? आणि ज्या पाळण्याची दोरी यांनी स्वतः बांधली, तो पाळणा कोणाचा हे मलाच विचारतात? मी हुशार माणूस, निदान केलं: दाजींना विसर पडायला लागला. शहापुरातून ब्राह्मी तेलाची मोठी बाटली घेतली आणि शेणवे गावच्या एका ओळखीच्या माणसाबरोबर पाठवली. वर ताईला बजावलं, “रोज डोक्याला चोळ. आणि त्यांना एकट्याला रानात सोडू नको.” प्राची दारात उभी राहून हे ऐकत होती.

तेराव्याला मी एकटाच गेलो. प्राचीची परीक्षा होती. पाहुणे पांगल्यावर ताईनं फडताळातली बाटली माझ्यापुढे ठेवली. तळाशी बोटभर तेल उरलेलं.

“पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावलं. लय चमकली शिंगं.”

“अगं, पण दाजींचा विसर…”

“त्यांना सगळं ठावं होतं रे. मी इचारलं, रोज काय तेच तेच इचारता? तर म्हणाले, मला नाय गो, तिला इचारायला लावतो.” ताईनं डोळे पुसले आणि मग, मी भाऊ म्हणून इतके दिवस मनात ठेवलेलं बोलली, “डोकं तुझं गेलं होतं. त्यांचं नाय.”

मी उठून खळ्यावर गेलो. कडेचा दगड बसून बसून, नाही, उभं राहून राहून गुळगुळीत झालेला. चपला काढल्या, का कोण जाणे. दिवेलागण होत आली होती. घरी या वेळेला प्राची आता कुठे उभी असेल, हे मला माहीत होतं. आणि आज तिच्यापुढे फोन धरायला कुणी नव्हतं. मी तिचा नंबर लावला. वाजत राहिला… बंद होणार एवढ्यात उचलला. हॅलो नाही, काही नाही. नुसता श्वास.

“प्राची, तुझ्या बारशाला पाळणा कोणाचा होता गो?”

मला वाटलं, ठेवला.

“विसरलात?”

“हो.”

मग नाक ओढल्याचा आवाज. “मामांचा.” आणि थोड्या वेळानं, “बाबा… तुमच्यासाठी ब्राह्मी आणून ठेवू का?”

जिभेवर पंधरा प्रश्न आले होते. परीक्षा कशी गेली, जेवलीस का, कल्याणला जाणार आहेस का. मी ते गिळले.

“ठेवतो गो,” म्हटलं, “रेंज जाते.”

फोन खाली घेतला आणि पाहिलं. रेंजच्या सगळ्या दांड्या भरलेल्या होत्या.